गोट्याच्या बोजाऱ्यावरील हरकतीबाबत

दिनांक : १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
सार्वजनिक न्यास विभाग, नागपूर.

विषय : 'निराधार ग्रेट डेन आश्रय संस्था' हिची नोंदणी दसऱ्यापूर्वी मिळणेबाबत.
संदर्भ : आमच्या कॉलनीच्या तान्हा पोळा मंडळाचे अध्यक्ष श्री. चंपतराव यांची हरकत.

महोदय,

१. अर्जदार शरच्चंद्र खानझोडे हा निवृत्त हेडक्लार्क असून त्याला कुत्र्यांची जन्मात आवड नव्हती. गोट्या नावाचा ग्रेट डेन त्याच्या पत्नीला, सौ. सुमती हिला, वाडीच्या गोदामाबाहेर बांधलेला सापडला. पिल्लू हौसेने घ्यायचे आणि वासराएवढे झाले की हायवेवर सोडायचे, अशी या जातीची कर्मकहाणी. "हा राहील नाहीतर मी," असे अर्जदाराने बजावले. सौभाग्यवतींनी गोट्याचे अंथरूण घातले.

२. पोरे लाकडी बैल घरोघरी मिरवतात त्या तान्ह्या पोळ्याला ऐन वेळी नात चिन्मयी हिच्या लाकडी बैलाचे चाक निखळले व तिने भोकाड पसरले. पोरगी रडते हे न बघवून अर्जदाराने गोट्यावर झूल टाकली, बाशिंग बांधले, घुंगरमाळ घातली. गोट्या दुरून बैलच दिसे. जवळून तो शेपटी हलवी, सबब फसवणुकीचा प्रश्न उद्भवत नाही.

३. घरोघरी बायकांनी त्याचे पाय धुतले, पुरणपोळी चारली व चिन्मयीच्या ताटात बोजारा, म्हणजे बैलाच्या ओवाळणीचे पैसे, टाकला. तोच संस्थेचा मूळ निधी! त्यातून वाडीचे वाहतूकदार श्री. धर्मेंद्र यांनी गोट्यासाठी वापरायला दिलेल्या शेडला जाळी बसली. बातमी पसरताच पारशिवनीच्या फार्महाऊसवरून दुसरी डेन आली. तिसरा भिवापूरच्या मिरची व्यापाऱ्याचा, तो बिचारा हंगामभर शिंकत होता.

४. आता श्री. चंपतराव म्हणतात, "बैलाच्या नावानं मांगतलं अन् कुत्र्याले चारलं, असं चालते का गा?" मंडळाच्या बैल-सजावट स्पर्धेत त्यांच्या नातवाच्या बैलाचा नंबर गोट्यामुळे हुकला, याबद्दल अर्जदार काही बोलू इच्छित नाही. परंतु हरकतीमुळे नोंदणी अडली आहे, आणि दसऱ्यापर्यंत नोंदणीचा कागद न दाखवल्यास श्री. धर्मेंद्र शेड परत घेणार. मग ही तिन्ही जनावरे पुन्हा हायवेवर! अर्जदाराच्याने ते बघवणार नाही. गोट्या हल्ली त्याच्याच पायांवर झोपतो.

५. सबब, बोजारा बैलाला दिला की कुत्र्याला, हे देणाऱ्यांनाच विचारावे. पहिला बोजारा श्रीमती प्रेमलताबाई यांचा, म्हणजे आपल्या मातोश्रींचा. गोट्याने त्यांचे तोंड चाटले, तेव्हा त्या हसून चिन्मयीला म्हणाल्या, "बैल असो का कुत्रा, दारी आलेल्याले उपाशी नाही पाठवत वं पोरी." आज घरी गेल्यावर आपण त्यांचा जबाब घ्यावा.

६. त्यानंतर आपण अर्ज फेटाळलात, तरी अर्जदार अपील करणार नाही. मात्र तो निर्णय मातोश्रींना आपण स्वतः सांगावा, एवढीच विनंती.

गोट्याखाली पाय अडकल्याने समक्ष येऊ न शकलेला,
आपला नम्र,
शरच्चंद्र खानझोडे
(संस्थापक, नाइलाजाने)

सोबत : गोट्याचा झूल घातलेला फोटो. पाय धुणाऱ्या मातोश्री स्पष्ट दिसतात, मागे तांब्या धरून आपणही.