उंबऱ्याशेजारची राखण

उब्ली, १० ऑगस्ट १९७१

ती. ओब्रेनमामांना स्तानोयकाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही ट्रेबिन्येला मुलीकडे राहायला गेलात आणि गावात माझ्याशी भांडायला कोणी उरलं नाही. माझी विदा आता रांगत अंगणात उतरते. तिचे बाबा जर्मनीत, अंजिरं उन्हात, आणि सासूबाईंचे गुडघे त्यांच्या जिभेच्या आधी थकतात.

आनंदाची बातमी म्हणजे उंबऱ्याशेजारच्या भिंतीवर गेला महिनाभर एक साप रोज त्याच दगडावर ऊन खात पडतो. सासूबाई म्हणतात, ही आपल्या घराची राखण. तिला मारलं की घरातलं माणूस जातं. आम्ही रोज वाटीभर दूध ठेवतो. विदा तिच्याकडे बघून हात हलवते.

माया आहे तशीच राहू द्या.

ट्रेबिन्ये, १८ ऑगस्ट

चि. स्तानोयकास अनेक आशीर्वाद.

आधी विदाला त्या भिंतीपासून उचल, मग पुढचं वाच. सापाच्या नाकावर शिंग आहे का, लांबूनच बघ. असेल तर ती राखण नव्हे, पोस्कोक आहे, जहाल विषारी. ती चावली तर एवढं लेकरू डॉक्टरापर्यंत पोचत नाही.

मी जन्मभर मेंढ्यांमागे हिंडताना यांना बघत आलो. वसंतात नर माद्यांच्या शोधात रानोमाळ भटकतात, उन्हाळा तापला की खाली झुडपांत गारव्याला जातात. पोटुशी मादी मात्र तापलेला दगड सोडत नाही. पोटातल्या पिल्लांना ऊब लागते ना. म्हणून ती तुम्हाला निष्ठावान वाटली. बाई गं, ती घराला नाही, उन्हाला धरून आहे. ऑगस्ट सरता सरता तिला जिवंत पिल्लं होतील, जन्मतःच विषारी. आणि थंडीच्या तोंडावर नरही वर दगडांत परततात. तुमच्या भिंतीसारखी दक्षिणेला तोंड केलेली जागा त्यांना फार आवडते.

दूध बंद कर. दुधाला उंदीर येतात आणि उंदरांमागे तिचे भाईबंद. सासूबाईंना सांग, राखणीला ओब्रेन म्हातारा तुमच्याइतकाच मानतो, पण आधी तिचं नाक बघतो.

विदाला घेऊन निघून ये. जागा आहे. म्हाताऱ्याच्या धाकावर रुसू नकोस.

उब्ली, २ सप्टेंबर

ती. मामांना सा. न.

शिंग आहे. सासूबाईंना दाखवलं, तर म्हणाल्या, राखणीचं वय झालं की शिंग फुटतं. तुझ्या मामाला मेंढ्या कळतात, घर कळत नाही. तेव्हापासून विदाला पाठीशी बांधूनच कामं करते. शनिवारच्या बसने निघायचं म्हणून बोचकंही बांधलं.

काल ती दगडावर नव्हती. सुनेने राखण हाकलली म्हणत सासूबाई दिवसभर रडल्या. आज सकाळी मात्र गुणगुणत होत्या. विचारलं, तर राखणीला पिल्लं झाली म्हणाल्या. भिंतीवर टाकलेल्या विदाच्या गोधडीत गारव्याने निपचित पडली होती. बाळाला आशीर्वाद मिळाला म्हणून त्यांनी गोधडी हलकेच दुमडली, आत आणली आणि पाळण्यात ठेवली.

मी विदाला शेजारी मिलेवाकडे पोचवलं आणि चुलीच्या चिमट्याने गोधडी उकलली. तीन निघाली. पाळणा रिकामा केला, जमीन झाडली, आणखी एकही दिसलं नाही. एकूण किती होती म्हणून विचारलं, तर राखणीची पिल्लं मोजू नयेत म्हणाल्या. आणि आपल्या खोलीचं दार आतून लावून निजल्या.

उत्तर लिहीत बसू नका, मामा. मिळेल त्या गाडीने या.

तुमची स्तानोयका