बसून हात पुरेल एवढं

प्रिय ताई,

भावोजींनी तुझा निरोप दिला. तू आता ऑफिसला येणार नाहीस, तुझ्या पक्षकारांना मी दुसरा वकील बघून द्यावा आणि पाटीवरून तुझं नाव काढावं. हे सगळं बिचाऱ्या भावोजींना सांगायला लावलंस! माझा फोन घेत नाहीस, मी आले की भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतेस, म्हणून हे पत्र. समोर आलेला कागद न वाचता बाजूला सारणं तुला जन्मात जमलेलं नाही.

आधी बातमी. ऑफिस हलवलं. तुला विचारलं नाही, रागाव खुशाल. भिंतींना ओल आली होती, असं मी सगळ्यांना सांगते. नवी जागा छापखान्याच्या शेजारी आहे, दिवसभर यंत्रांची घरघर चालू असते. पण तळमजला आहे आणि दाराला उंबरा नाही. जुनी लोखंडी कपाटं जिन्यावरून उतरवताना एकाचं दारच निखळलं, दुसऱ्याचा तळ बाहेर आला. शेवटी सगळीच भंगारात दिली आणि नवी घ्यायला निघाले.

कपाटं निवडणं हे माझं काम नव्हे गं. दुकानदार भला माणूस, पण बोलायला लागला की आवरेना. त्यानं पहिलंच विचारलं, फायली नावाप्रमाणे लावता की तारखेप्रमाणे? काय सांगणार, की आमच्या ताईसाहेब फायली भांडणाप्रमाणे लावतात म्हणून? वर रुसलेले, मधे एकमेकांचं तोंड फक्त कोर्टात बघणारे भाऊ, त्याखाली आईबापांना वाऱ्यावर सोडणारे, आणि एका कोपऱ्यात ते, ज्यांच्याशी भांडायलाही कुणी उरलेलं नाही. मृत्युपत्रांची अशी मांडणी कुणी ऐकली आहे का? मला तर आजवर त्यातलं ओ की ठो कळलेलं नाही. मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईंची फाइल शोधताना नाकी नऊ आले. सापडली ती रुसलेल्यांच्या गठ्ठ्यात. ते त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, मोठ्या वकीलबाईंनी मला बरोबर ओळखलं होतं हो, त्या कधी येणार? मी म्हटलं, येतील.

तर, दुकानदारानं आधी छताला टेकणारं कपाट दाखवलं. कमी जागेत दुप्पट फायली मावतील म्हणाला. मी नको म्हटलं. मग खोल ड्रॉवरचं दाखवलं. तो ड्रॉवर ओढला की सरळ मांडीवर येतो, माणसाला मागे सरकावं लागतं, म्हणून तेही नको. बाहेर उघडणारी दारं नकोत, तळाचा कप्पा नको. त्याचा चेहरा अगदी बघण्यासारखा झाला होता. बाई, मग ठेवणार तरी कुठे, म्हणाला. शेवटी मी त्याच्याच दुकानातली एक खुर्ची ओढली, तीत बसले, पाय आपले नाहीतच असं समजून तसेच सोडून दिले आणि हात लांब केला. म्हटलं, एवढं. बसून हात पुरेल एवढं. याच्या वर काही नको, गुडघ्यांच्या खाली काही नको, आणि दारं सरकती हवीत. तो हसत होता, तो हसायचा थांबला. घरात कुणी आहे का, एवढंच त्यानं हळूच विचारलं. मी हो म्हटलं आणि मला त्या खुर्चीतून उठताच येईना. भर दुकानात हमसून हमसून रडले, ताई. डॉक्टरांनी तुझ्या पायांत बळ परत येणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हासुद्धा रडले नव्हते. तेव्हा आईला सावरायचं होतं.

तुझं दुःख मला कळतं, असं मी म्हणणार नाही. मी घटकाभर बसले आणि मग उठून घरी चालत आले. कोर्टात लोक कीव करतील, असं तू भावोजींना म्हणालीस. करतील. खोटं कशाला बोलू? तुझ्यासमोर वाकून मोठमोठ्यानं बोलतील, जणू कानांचंच ऑपरेशन झालंय! तू एकदोघांना फाडून खाशील, मग बाकीचे आपोआप सुधारतील. पण माझं काय? एखादं कलम अडलं की मी अजून मान वळवून तुला हाक मारते. तोंडातून ‘ता’ निघतो आणि पुढचं गिळते. मला तुझ्यावाचून करमत नाही गं, आणि तुझा रागही येतो.

काल कपाटं बसली. भिंतींच्या कडेकडेनं लावली आहेत, मधे रुंद वाट सोडली आहे. फायली अजून खोक्यांत आहेत. त्या नावाप्रमाणे लावाव्यात की नाही, तेवढं विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं. निदान मनाची तशी समजूत घातली होती. चाकांच्या खुर्चीत तू अजून एकदाही बसली नाहीस, असं भावोजी सांगत होते. पलंगाशेजारी ती आणल्या दिवसापासून तशीच उभी आहे म्हणे. मी तुला ओढून नेणार नाही. पण दुकानदारानं टेबलं किती नि खुर्च्या किती विचारलं, तेव्हा मी दोन टेबलं सांगितली आणि खुर्ची एकच. तुझ्या टेबलामागे जागा रिकामी ठेवली आहे. तुझी खुर्ची तू घेऊन ये.

तुझीच,
धाकटी