मान नसलेला माणूस

५ जानेवारी

आज पुन्हा तेच. गोल डोकं, त्यात दोन डोळे, आणि डोक्यातनंच खाली लोंबणारे दोन पाय. पोट नाही, मान नाही, हात तर नाहीतच. आणि तोंड वर करून सांगतो, "मम्मी, ही तू."

साडेचार वर्षांचा घोडा झालाय सम्मेद. जाऊबाईंची रुचिता दोन महिन्यांनी लहान, ती फ्रॉकला बटणं काढते. काल जाऊबाईंनी तिचा कागद सगळ्यांसमोर फिरवला. मी हसले. आतनं नुसती जळत होते.

१४ फेब्रुवारीला मोठ्या शाळेची प्रवेश चाचणी आहे. माणूस काढायला लावतातच म्हणे. तिथं ह्यानं असला बेडूक काढला तर झालंच.

७ जानेवारी

बालवाडीच्या सरोजिनीबाईंना विचारलं. "ताई, सगळी पोरं आधी अशीच काढत्यात. डोकं आन् पाय. पोट, हात मागनं येत्यात. कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. तुम्ही शिकवू नका, आपोआप येतंय की."

आपोआप! मग ह्या बाईंना तिथं कशाला बसवलंय?

१२ जानेवारी

खोडरबर संपला. तो काढतो, मी पुसते. "मान कुठाय? हात पुढं कर." पट्टीनं एक.

सम्मेदचे पप्पा, जिनेंद्र, शिरोलीच्या कारखान्यातनं आले, कागद बघितला, म्हणाले, "ल्हान हाय गं, सोड की." सोडते. आणि रुचिताला जाऊ दे पुढं.

१९ जानेवारी

युक्ती सापडली. आमच्या जैनांत दिवस बुडाल्यावर कुणी जेवत नाही. पोरांना तेवढी सूट होती. ती आजपासून बंद.

साडेपाचला ताट वाढून समोर ठेवलं. आधी बरोबर माणूस, मग जेवण. सहा वेळा काढला, सहा वेळा पुसला. दिवस बुडाला, मी ताट उचललं. रडला. पाणी मागितलं. तेही दिलं नाही. धाकटी आदिती तीन वर्षांची, भिंतीला टेकून सगळं बघत होती.

२२ जानेवारी

मान आली.

३ फेब्रुवारी

आता रोज वेळेत जेवतो. मान, खांदे, हाताला पाच-पाच बोटं, शर्टाला चार बटणं. रोज तोच माणूस, तस्साच्या तस्सा. घरच्यांची चित्रं काढायची बंद केली त्यानं. बरं झालं. वाईट वाटायला हवं होतं का मला? नाही वाटलं.

१४ फेब्रुवारी

मिळाला प्रवेश! तिथल्या बाईंनी विचारलं, "हे कोण रे?" सम्मेद म्हणाला, "कुणी न्हाई. बरोबर माणूस हाय." बाई हसल्या.

तिथल्या तिथं यादी लावली; रुचितानंही चाचणी दिली होती, तिचं नाव लागलं नाही. पेढे घेऊन जाऊबाईंकडं मी स्वतः गेले. तोंड बघायला पाहिजे होतं त्यांचं. एक पेढा रुचिताला भरवला, "पुढच्या वर्षी हं," म्हणाले.

१६ फेब्रुवारी

आदितीनं आज पहिल्यांदा माणूस काढला. डोकं आणि पाय. "दादा, ह्यो तू."

मी स्वयंपाकघरातनं बाहेर आले तर सम्मेद तिचं ताट घेऊन खिडकीशी उभा. काखेत पट्टी. "मान न्हाई. दिवस बुडला." बाहेर चांगलं ऊन होतं.

 आदिती रडलीसुद्धा नाही. तिनं आपणहून हात पुढं केला.