उंबरटेकचा विसावा

३ नोव्हेंबर, सोमवार
पोचले बाई एकदाची. उंबरटेक म्हणजे साताऱ्याच्या डोंगरातलं पठारावरचं गाव. वर यायला एकच रस्ता, आणि त्यानं स्कूटीसकट माझी हाडं खिळखिळी केली. तक्रार कुणाकडे करणार? हा रस्ता सांभाळायलाच कनिष्ठ अभियंता म्हणून माझी इथं नेमणूक झालीय. पावसाळ्यानंतरचे खड्डे भरायचे, साइडपट्ट्या नीट करायच्या. रोज घाट चढणं जमणार नाही, म्हणून रंगुबाईंची पुढची खोली भाड्यानं घेतली. मी कांदा-लसूण खात नाही म्हटल्यावर त्या चाटच पडल्या. मग जगतीस कशावर गं, म्हणाल्या.

दर शनिवारी सांगलीला, विश्रामबागच्या घरी जायचं. लेकाला, अतिशयला, तसं कबूल केलंय. चार वर्षांचं पोर ते. निघताना रडला नाही, शनिवार म्हणजे किती झोपा, एवढंच विचारलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
काम झकास चाललंय. आकारामदादा इथले मैलमजूर, म्हणजे रस्त्याच्या देखभालीचा कायमचा माणूस. खड्डा चौकोनी कापतात, झाडून लख्ख करतात, मगच डांबर शिंपडून खडी घालतात. तोंड मात्र हातापेक्षा जास्त चालतं.

गावाखालच्या वळणावर रस्त्यात घुसलेला एक दगडी ओटा आहे. विसावा. अंत्ययात्रा तिथं थांबते, तिरडी टेकवतात, पुढचे खांदेकरी मागे जातात नि मागचे पुढे येतात. अशी तिरडी फिरवली की गेलेल्याला घरची वाट सापडत नाही म्हणे. आता गावाच्या वरच्या अंगाला नवी स्मशानशेड झालीय, इकडे कुणी फिरकत नाही. ओट्यापायी ट्रॅक्टर मात्र अडतात. सरपंच नानासो म्हणाले, काढा की, दगूड चांगलं हायती, खड्ड्यातच घाला. कुणी हरकत घेतली नाही. उद्या घरी!

११ नोव्हेंबर, मंगळवार
ओटा काढला. दगड वळणावरच्या मोठ्या खड्ड्यात अंथरले, वर खडी, डांबर, मग रोलर. असा देखणा झालाय तुकडा की जयराजला फोटो पाठवला. नवरा असून त्यानं कौतुक केलं, म्हणजे बघा.

१५ नोव्हेंबर, शनिवार
घरी निघाले. वळण घेतलं, उताराला लागले, आणि समोर रंगुबाईंचं दार.

हसले. तंद्रीत वळले असेन म्हटलं. परत निघाले. वळण, उतार, दार. मग स्कूटी ठेवून चालत गेले. पाय उतार उतरत असतात, चढ कधी सुरू होतो ते कळतच नाही. संध्याकाळी जयराजला फोन करून सांगितलं, स्कूटी बंद पडली. अतिशय रुसलाय. फोनवर आलाच नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
मी एकटीच नाही. दुधाचा टेम्पो वर आला, तो खाली जाईना. एसटी देवळापाशी उभी आहे. वर येता येतं. खाली जाता येत नाही.

रंगुबाई शांतपणे म्हणाल्या, त्या दगडांला माणूस फिरवायची सवय हाय. रस्त्यात घातलासा, आता रस्ता फिरवतोय.

मला भीती वाटतेय. फार.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सगळं उकरलं. ओटा पुन्हा रचला. दगड डांबरानं माखलेले, खालचा कुठला, वरचा कुठला, आकारामदादांनाही सांगता येईना. काही उपयोग नाही. पुन्हा तेच दार.

जयराजला खरं सांगितलं. तो आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, दमलीयस तू, शनिवारी मी येतो न्यायला. अतिशयलाही आणतो.

नको म्हटलं. रडले. माझ्या रडण्यानंच त्याचं यायचं पक्कं झालं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
जयराज फोन उचलत नाही. गाडी चालवत असणार.

रस्ता तोडतोय. मी आणि आकारामदादा. ओट्याला लागून आडवा चर, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. जन्मभर खड्डं बुजवलं बाई, म्हणाले, आणि कुदळ मारत राहिले. मी चरावरून पलीकडे उडी मारून पाहिली. गावाकडे तोंड करून अलीकडेच उभी —

पण ते पलीकडे राहतील. पोर पलीकडे राहील. तेवढं पुरे.

दुपार
गाडी आली. चरापाशी थांबली. मी ओरडले, परत जा. जयराजला हात जोडले —

अतिशय उतरला. दोन्ही हात वर केले, उचल म्हणून. आई, येऊ का, म्हणाला.

नको म्हणायचं होतं. एवढं एकच काम होतं मला.

मी हात पसरले.

नंतर
अतिशय माझ्या मांडीवर झोपला होता. केसांना घरच्या तेलाचा वास. जयराजही चर ओलांडून आलेला, खुशीत. म्हणाला, बघ, काही झालं का? चल, निघू या. गाडी पलीकडेच आहे.

त्याला कसं सांगू. अतिशयला खांद्यावर घेऊन तो चराकडे गेलाय. मी मान वर करणार नाही. नुसतं लिहिणार —

उडी मारल्याचा आवाज आला.

पावलं वाजतायत. लांब जायला हवीत. लांब —

इकडेच येतायत —