हिरवा रंगवलेला भात

धसई, नोव्हेंबर २००४

भगीरथदादा,

एका लहानशा सिनेमाच्या जोरावर कंपनीने तुझ्या हाती कोट्यवधींचा सिनेमा दिला, तेव्हा काशीआत्याला मीच म्हणालो, "आपला माणूस आहे, शूटिंगला शेत दे." तुला पावसातलं गाणं हवं होतं आणि भात पिकून पिवळा झाला होता. तू उभ्या पिकावर हिरवा रंग फवारायला लावलास.

"नव्या भाताचा निवद नाय झाला रे अजून," आत्या बांधावरून म्हणाली.

"आत्ये, कंपनीने एवढा सिनेमा दिला, तू एक शेत नाय देणार?" तू म्हणालास.

सगळे हसले. मला तुझी किळस आली.

काल तिने देवापुढे दुकानातल्या तांदळाचा निवद ठेवला आणि म्हणाली, "भगीरथचा सिनेमा चालू दे."

तिचं हे मागणं तुला कळू नये, म्हणून पत्र टाकणार नाही.

पंढरी