दाढेची सूज

आई, सोमवारी सकाळी आरशात माझा उजवा गाल फुगलेला दिसला आणि चहाही न घेता मी लेकीला म्हटलं, "गाडी काढ, आत्ताच्या आत्ता रत्नागिरीला जायचं." ती हसली. "दाढच तर दुखतेय!" पावस गावापासून शहर येईपर्यंत मी सारखी थुंकी गिळून बघत होते. गिळता येतंय ना, एवढंच.

तुला तेव्हा गिळता येत नव्हतं. आंबा भरायची घाई, आणि तू दाढेत लवंग धरून पेट्यांत पेंढा पसरतेयस. रोज सकाळी भाजल्या तंबाखूची मशेरी हिरड्यांना घासायचीस. जरा बधिर झालं की तुला वाटायचं, दुखणं थांबलं. बाबा डॉक्टरकडे चल म्हणाले, तर त्यांच्यावरच डाफरलीस. "दातानं कोण मरतंय? पेट्या जाऊंदेत, मग बघू." चौथ्या दिवशी मला बघायला पाहुणे यायचे होते. पदर गालावर ओढून तू पोहे परततेस आणि हळूच मला विचारतेस, "सूज दिसते काय गो?" दिसत होती. हनुवटीखालून गळ्याकडे उतरली होती. मी म्हटलं, "नाही गो आई, एवढी नाही." पाहुणे गेले तोवर तुझ्या तोंडातून लाळ गळायला लागली होती, जीभ वर उचलली गेली होती, बोलणं कळेना. जीपमध्ये आडवी केली तर श्वास अडकला, म्हणून बसवूनच नेली. माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की काचेची बांगडी फुटली. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

सोमवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जीभ वर करायला लावली, हनुवटीखाली दाबून पाहिलं. मग बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. ती बरीच वाढली होती. "साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांत पू असला की साखर आटोक्यात राहत नाही," त्या म्हणाल्या. "दात काही शरीराबाहेर नसतात हो. आणखी थांबला असतात तर हे घशाकडे उतरलं असतं." पू काढला, दाढ काढली, खड्ड्यावर कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला.

बाहेर बाकावर लेक जवळ सरकली. "एवढी का घाबरलीस गो? आजी नक्की कशानं गेली?" तिला मी आजवर हार्ट अटॅक सांगत आले. दाढेनं गेली म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, आणि तुम्ही सगळे काय करत होता? मी तोंडातल्या बोळ्याकडे बोट दाखवलं. बोलता येत नाही. हे तुलाच लिहिते, कारण तू कुणाला सांगणार नाहीस. बोळा तासाभरानं काढायचा होता. मी तो संध्याकाळपर्यंत तोंडात ठेवला.