बैलगाडीचं क्रियापद

देऊळघाट, मंगळवार, १२ जानेवारी १९६५

भीती वाटतेय. उद्या पहिल्याच तासाला तपासणीचे साहेब येणार, आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नाही.

आज सातवीत इंग्रजी क्रियापदं घेतली. विमानाला फ्लाय, जहाजाला सेल, सायकलीला राइड. मग बैलगाडी हाकण्यालाही राइडच सांगितलं आणि वर्गाकडून दहादा घोकून घेतलं. गाडीवानाची शांता उभी राहिली. "बाई, सायकलवर बसतात. माहा बाप तर गाडी हाकते. मंग शब्द एकच कसा?" मी तिला दटावून खाली बसवलं. का? मलाच खात्री नव्हती म्हणून.

घरी येऊन शब्दकोश पाहिला. ड्राइव्ह. पोरगी बरोबर होती.

तशीच तिच्या घरी गेले. बाप म्हणाला, "शायेतून आली तशी बोलून नाही राह्यली, बाई. जेवली बी नाही."

मी तिला म्हटलं, "शांते, चूक माझी होती. उद्या वर्गात तसं सांगेन."

"साहेबापुढं?"

पहिल्याच तासाला साहेब, आधी वेळ कुठला? तरी हो म्हणून बसले. तिनं लगेच आईकडं भाकर मागितली. मी मात्र ताट बाजूला सारून हे लिहितेय.